स्वतःच्या संहितेची पाठचिकित्सा : एडिटर व विंडो मॅनेजर यांच्या वैयक्तिक कॉन्फिगरेशनचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

समीक्षेचा विषय होण्याचा मान सामान्यतः प्रकाशित ग्रंथाला मिळतो. दैनंदिनी, पत्रव्यवहार, समासातील टिपणे यांचाही विचार अभ्यासक करतात. कारण लेखक कसा घडला हे त्यांतून कळते. संगणकावर दररोज लेखन करणाऱ्या काही व्यक्तींजवळ याच कुळातील आणखी एक खाजगी संहिता असते. ती म्हणजे त्यांच्या एडिटरची आणि विंडो मॅनेजरची कॉन्फिगरेशन फाइल. ही फाइल वर्षानुवर्षे वाढत जाते, तिच्यात खाडाखोड होते, इतरांच्या ओळी येऊन मिसळतात आणि एके दिवशी ती चालेनाशी होते. त्या दिवशी तिच्या कर्त्याला स्वतःच्याच लेखनाचा वाचक व्हावे लागते.

प्रस्तुत लेखात या संहितेचे स्वरूप, तिच्यातील प्रक्षेप, दोषशोधनाची पद्धती आणि टिपांचे स्थान यांचा विचार केला आहे. कॉन्फिगरेशनचे मूल्य तिच्यातील आज्ञांपेक्षा त्या आज्ञांमागील कारणांच्या नोंदीत असते, ही येथील मुख्य भूमिका आहे. आज्ञा यंत्रासाठी असते; कारण मात्र दुरुस्ती करणाऱ्या माणसासाठी असते. कारण हरवले की कर्ताही आपल्या संहितेपुढे परका ठरतो.

संहितेचे स्वरूप

ईमॅक्स हा एडिटर १९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, टेको या जुन्या एडिटरवरील मॅक्रोंचा संच म्हणून आकाराला आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये ग्नू ईमॅक्सचे काम हाती घेतले आणि १९८५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. बिल जॉय यांचा व्हीआय हा एडिटरही १९७६ चाच. त्याच्या परंपरेतील व्हिम हा ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याने एडिटर आपल्या सवयीप्रमाणे घडवावा, ही अपेक्षा या दोन्ही परंपरांत रुजलेली दिसते.

विंडो मॅनेजरची गोष्ट थोडी निराळी आहे. एमआयटीतच १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने पडद्यावर चित्र उमटवण्याची यंत्रणा तेवढी स्वतःकडे ठेवली. खिडक्या कोठे, किती मोठ्या आणि कोणत्या क्रमाने दिसाव्यात याचा निर्णय तिने एका स्वतंत्र आणि बदलता येण्याजोग्या प्रोग्रामवर सोपवला. हा प्रोग्राम म्हणजे विंडो मॅनेजर. पुढे खिडक्या एकमेकींवर न टाकता फरशीप्रमाणे शेजारी शेजारी बसवणारे विंडो मॅनेजर लोकप्रिय झाले. डीडब्ल्यूएम (२००६), एक्समोनॅड (२००७) आणि मायकेल स्टापेलबर्ग यांचा आय-थ्री (२००९) ही त्यांतील ठळक नावे होत.

या सर्वांच्या कॉन्फिगरेशन फाइली एकाच प्रकारच्या नाहीत आणि समीक्षेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. आय-थ्रीची फाइल ही साधी यादी असते : अमुक कळ दाबली की अमुक कृती. डीडब्ल्यूएमची मांडणी सी भाषेतील एका फाइलमध्ये असते आणि बदल केल्यावर संपूर्ण प्रोग्राम पुन्हा तयार करावा लागतो. एक्समोनॅडची फाइल हा हॅस्केल भाषेतील प्रोग्रामच असतो. ईमॅक्सची आरंभ-फाइल लिस्प भाषेत लिहिली जाते आणि ईमॅक्सचा बराचसा भागही त्याच भाषेत लिहिलेला असल्याने फाइलमधील ओळ आणि एडिटरचा अंतर्भाग यांत भिंत उरत नाही.

संहितेच्या या प्रकारानुसार चुकीची शिक्षाही बदलते. आय-थ्रीच्या यादीत एखादी ओळ चुकली तर पडद्यावर सूचनेची पट्टी दिसते आणि उरलेल्या ओळी आपले काम करीत राहतात. एक्समोनॅडची नवी फाइल तयार होऊ शकली नाही तर चालू असलेला जुना प्रोग्रामच पुढे चालू राहतो. ईमॅक्सच्या आरंभ-फाइलमध्ये मात्र जेथे चूक होते तेथे वाचन थांबते आणि त्याखालचा सारा मजकूर अवाचित राहतो. परिणामी चाळिसाव्या ओळीतील दोषाची लक्षणे चारशेव्या ओळीच्या विषयात प्रकट होतात. स्वातंत्र्य जितके अधिक, तितके दोषाचे स्थान आणि लक्षणाचे स्थान यांतील अंतर अधिक, असे येथे म्हणता येईल.

प्रक्षेपांचा प्रश्न

कॉन्फिगरेशन फाइल वैयक्तिक म्हटली जाते. तथापि तिचा कर्ता क्वचितच एक असतो. पहिला प्रक्षेप स्वतः एडिटर करतो. ईमॅक्समध्ये मेनूतून एखादी निवड जतन केली की तो कर्त्याच्याच आरंभ-फाइलमध्ये स्वतःची ओळ लिहितो आणि तेथे हाताने फेरफार करताना जपावे अशी टीपही ठेवतो. एकाच पानावर माणूस आणि यंत्र असे दोन लेखनिक काम करीत असतात. हाताने लिहिलेली ओळ एक सांगते, यंत्राने लिहिलेली ओळ दुसरे सांगते, आणि जी नंतर वाचली जाते ती बहुधा प्रभावी ठरते. यंत्राचे लेखन वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय आहे. ती प्रत्येक कर्त्याने पहिल्याच दिवशी स्वीकारावी असे सुचवावेसे वाटते.

दुसरा प्रक्षेप उसनवारीचा. कोणाची तरी दहा ओळींची क्लृप्ती आवडते, ती जशीच्या तशी उचलली जाते, आणि त्या ओळी ज्या अडचणीसाठी लिहिल्या गेल्या ती अडचण मात्र मागेच राहते. स्पेसमॅक्स किंवा डूम ईमॅक्स यांसारख्या तयार मांडण्यांत ही उसनवारी पद्धतशीर होते. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. अनुभवी मंडळींनी घडवलेली ती संपादित संहिता असते आणि तिची देखभालही सामूहिक असते. परंतु तिच्यावर स्वतःच्या ओळी चढवल्या की दोष मूळ संहितेतला की आपल्या पुरवणीतला हा नवा प्रश्न उभा राहतो. अलीकडे भाषा-प्रारूपांकडून ओळी लिहून घेण्याची सोय झाल्याने हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. उसन्या ओळीचे कारण निदान तिच्या मूळ लेखकाला तरी ठाऊक असे. आता अशा ओळी फाइलमध्ये येऊ शकतात, ज्यांचे कारण कोणाच्याच स्मरणात नाही.

दोषशोधनाची पद्धती

महाराष्ट्रातील वाचकाला पाठचिकित्सेची परंपरा नवी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या थोर कार्याशी एका खाजगी फाइलची तुलना करणे अप्रस्तुत ठरेल. पण पद्धतीतील साम्य मात्र उपयोगी आहे : प्रती मिळवणे, त्यांतील भेद नोंदवणे, कोणता पाठ केव्हा आला हे ठरवणे, आणि ‘मला वाटते’ यापेक्षा प्रतींच्या साक्षीवर विश्वास ठेवणे.

दोषशोधनाची पहिली पायरी निर्लेप प्रत पाहण्याची. ईमॅक्सला कोणतीही वैयक्तिक फाइल न वाचता सुरू होण्याची आज्ञा देता येते. त्या अवस्थेतही दोष दिसला तर आपली संहिता निर्दोष ठरते. दिसला नाही तर शोध संहितेच्या आत वळतो. दुसरी पायरी अर्धविभाजनाची. फाइलचा अर्धा भाग बाजूला ठेवावा, दोष उरला की गेला हे पाहावे, आणि दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. हजार ओळींच्या फाइलमध्ये दहा विभाजनांत एका ओळीपर्यंत पोहोचता येते. २००५ मध्ये आलेल्या गिट या प्रणालीत हेच तंत्र काळाच्या अक्षावर चालते : फाइलच्या ओळींऐवजी तिच्या नोंदवलेल्या अवस्था अर्ध्या अर्ध्या करीत, दोष प्रथम कोणत्या अवस्थेत आला हे शोधता येते.

या तंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोष एका ओळीत नसून दोन ओळींच्या संबंधात असेल तर विभाजनाने त्या ओळी एकमेकींपासून तुटतात आणि दोष दोन्ही बाजूंना नाहीसा होतो. शिवाय कधीकधी आपण तपासतो ती प्रत आणि यंत्र वाचते ती प्रत एकच नसते. ईमॅक्स आपल्या लिस्प फाइलींची संकलित रूपे ठेवू शकतो आणि मूळ फाइल नंतर बदलली असली तरी, तशी वेगळी सूचना नसल्यास, तो जुने संकलित रूपच वाचतो. कर्ता नव्या प्रतीत दुरुस्ती करीत राहतो आणि यंत्र जुन्या प्रतीचे पारायण करीत राहते.

दोन संहितांच्या सीमेवरील दोष याहून फसवे असतात. आय-थ्री प्रथम सुरू करताना मुख्य कळ कोणती हे विचारतो : विंडोज-कळ की आल्ट. आल्ट निवडली की तिची अनेक संयोगरूपे विंडो मॅनेजर स्वतःसाठी राखून ठेवतो. ईमॅक्समध्ये आल्ट आणि डब्ल्यू या कळांनी निवडलेला मजकूर उचलला जातो. आय-थ्रीच्या मूळ मांडणीत त्याच कळांनी खिडक्या टॅबच्या रूपात मांडल्या जातात. आल्ट आणि डी यांनी ईमॅक्स पुढचा शब्द काढून टाकतो, तर आय-थ्री प्रोग्राम सुरू करण्याची पट्टी उघडतो. अशा वेळी ईमॅक्सची फाइल कितीही तपासली तरी दोष सापडणार नाही. कारण दाबलेली कळ त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. दोन्ही फाइली आपापल्या जागी शुद्ध आहेत; दोष त्यांच्या सहवासात आहे.

एक अनुभव

या संदर्भात प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नोंदवणे अस्थानी होणार नाही. आय-थ्री आणि ईमॅक्स यांच्या साहाय्याने मराठी लेखन करीत असता, एके दिवशी संगणक सुरू केल्यावर ईमॅक्समध्ये देवनागरी उमटेनाशी झाली. टंकनासाठी आयबस हा प्रोग्राम आणि इन्स्क्रिप्ट ही कळरचना वापरात होती. ब्राउझरमध्ये मराठी नीट लिहिता येत होते. त्यामुळे संशय साहजिकच ईमॅक्सच्या आरंभ-फाइलवर गेला आणि दोन संध्याकाळी तिचे विभाजन करण्यात गेल्या.

निर्लेप ईमॅक्स आधी पाहिला असता तर हा वेळ वाचला असता, कारण त्यातही तोच दोष होता. ईमॅक्सची स्वतःची देवनागरी टंकनपद्धती चालत होती. म्हणजे फाँट आणि जोडाक्षरांची जुळणी ठीक होती. पुढे योगायोगाने ईमॅक्स टर्मिनलमधून सुरू केला आणि आयबसची मराठी उमटली. येथे उलगडा झाला. टर्मिनल सुरू होताना शेलची फाइल वाचली जाते. कळ दाबून विंडो मॅनेजरकडून सुरू झालेल्या प्रोग्रामला त्या फाइलमधील मूल्ये मिळत नाहीत. ईमॅक्सला टंकनाच्या प्रोग्रामचा पत्ता देणारे एक मूल्य शेलच्या फाइलमध्ये होते, पण सत्राच्या आरंभ-फाइलमध्ये नव्हते.

मग आधी सारे कसे चालत होते? गिटमधील नोंदी पाहता कळले की हीच ओळ सत्राच्या फाइलमध्येही होती आणि तीन आठवड्यांपूर्वी सफाई करताना, दोनदा आलेली ओळ म्हणून, ती प्रस्तुत लेखकानेच काढली होती. संगणक रोज केवळ निद्रावस्थेत ठेवला जात असल्याने जुनेच सत्र चालू राहिले आणि कृती व परिणाम यांच्यात तीन आठवड्यांचे अंतर पडले. काढलेल्या ओळीवर स्वतःच्याच हातची टीप होती : ‘काढू नये.’ का काढू नये, हे तेथे लिहिलेले नव्हते.

टीप आणि कारण

‘काढू नये’ ही टीप म्हणजे कारणाशिवायची आज्ञा. लिहिताना कर्त्याला कारण इतके स्पष्ट दिसत असते की ते लिहिण्याची गरज वाटत नाही. वाचताना त्याच कर्त्याजवळ फक्त आज्ञा उरते आणि नीटनेटकेपणाचा मोह तिच्यावर मात करतो. आज त्या जागी चार वाक्ये आहेत : हे मूल्य सत्राच्या आरंभीच हवे, कारण ईमॅक्स विंडो मॅनेजरकडून सुरू होतो, ओळ काढल्यास परिणाम पुढच्या सत्रात दिसेल, तपासण्यासाठी पुन्हा लॉगिन करावे. यंत्राच्या लेखी या चार वाक्यांना अर्थ नाही, पण दुरुस्तीच्या दृष्टीने संपूर्ण फाइलमध्ये याहून मोलाचा मजकूर नाही.

प्रोग्राम हा मुख्यतः माणसाला समजावून सांगण्यासाठी लिहावा, ही भूमिका डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मधील ‘साक्षर प्रोग्रामलेखना’वरील निबंधात मांडली. ईमॅक्सच्या जगात हा विचार ऑर्ग-मोडच्या द्वारे पोहोचला. कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या साधनात गद्य आणि आज्ञा एकाच दस्तऐवजात लिहिता येतात आणि आज्ञा वेगळ्या काढून त्यांची फाइल करता येते. अशा रीतीने लिहिलेल्या कॉन्फिगरेशनना प्रकरणे, उपप्रकरणे आणि कधी प्रस्तावनाही असते.

या लेखनप्रकाराचे कौतुक करताना एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. अशा पुष्कळ दस्तऐवजांत गद्य आज्ञेचा अनुवाद तेवढा करते. आज्ञा सांगते ‘ओळींचे क्रमांक दाखवा’, आणि वरचे गद्यही तेच सांगते. हे साक्षर लेखन नव्हे. ही द्विरुक्ती होय. कोणता पर्याय आधी वापरून पाहिला, तो का टाकला, कोणती अडचण दूर झाली की ही ओळ काढता येईल, हे गद्याने सांगितले तरच त्याचे प्रयोजन सिद्ध होते. शिवाय दस्तऐवज आणि त्यातून निघालेली फाइल अशा दोन संहिता तयार झाल्याने चुकीचा ओळ-क्रमांक दुसऱ्या संहितेचा असतो आणि दुरुस्ती पहिल्या संहितेत करावी लागते.

टीप यंत्रासाठी निरर्थक असते, या नियमाला एक मनोरंजक अपवाद आहे. २०११ मध्ये आय-थ्रीच्या चौथ्या आवृत्तीने फाइलचे स्वरूप बदलले. फाइल जुनी की नवी हे ओळखताना आय-थ्री जी चिन्हे पाहतो त्यांत एक टीपही आहे : ही चौथ्या आवृत्तीची फाइल आहे, असे सांगणारी. एरवी केवळ माणसासाठी असलेली ओळ येथे यंत्रही वाचते आणि स्वतःचा काळ सांगणारी टीप सर्वांत टिकाऊ ठरते. वैयक्तिक टिपांनीही आपले वर्ष आणि आवृत्ती सांगावी, हा बोध त्यातून घेता येईल.

काळाचा आघात

फाइलमधील एकही अक्षर न बदलता ती अशुद्ध होऊ शकते, हे या संहितेचे वैशिष्ट्य होय. कारण तिचा अर्थ तिच्याबाहेरील प्रोग्रामवर अवलंबून असतो. २०१२ च्या ईमॅक्स २४ मध्ये पॅकेजे आणण्याची अंगभूत सोय आली आणि हाताने लिहिलेल्या अनेक ओळी अनावश्यक झाल्या. २०२३ च्या ईमॅक्स २९ मध्ये यूज-पॅकेज ही मांडणीची रीत मूळ एडिटरमध्येच समाविष्ट झाली. त्याच आवृत्तीत मोडी लिपीची टंकनपद्धतीही आली. मोडी अभ्यासकांना यासाठी वेगळी फाइल लिहिण्याची गरज उरली नाही. अशा प्रसंगी वाढवण्याइतकेच वगळणे हेही देखभालीचे अंग ठरते, आणि कारणाची नोंद असेल तरच निर्भयपणे वगळता येते.

सर्वांत मोठा आघात पायाच बदलण्याचा. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या व्यवस्थेकडे अनेक लिनक्स वितरणे वळली आहेत. आय-थ्रीच्या वापरकर्त्यांसाठी स्वे हा पर्याय असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१९ मध्ये आली. तो आय-थ्रीची फाइल बहुतांशी जशीच्या तशी वाचतो. याउलट ईमॅक्सलाच विंडो मॅनेजर बनवणारा ईएक्सडब्ल्यूएम हा एक्स प्रणालीशी बांधलेला आहे. साधी यादी नव्या घरात राहायला जाऊ शकली. जुन्या पायाशी एकजीव झालेला प्रोग्राम जाऊ शकत नाही. कर्त्याने आपल्या फाइलीत किती महत्त्वाकांक्षा ठेवावी, हे ठरवताना हा फरक ध्यानी घ्यावा.

आक्षेपांचा विचार

हा सारा व्याप कशासाठी, असा आक्षेप सहकारी घेतात आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. एडिटर नीट करण्यात गेलेली संध्याकाळ लेखनात गेलेली नसते. नव्या रंगसंगतीने निबंध पुढे सरकत नाही. कॉन्फिगरेशन हे लेखन टाळण्याचे प्रतिष्ठित निमित्त होऊ शकते, ही कबुली दिली पाहिजे. काही तयार डेस्कटॉप घेणाऱ्याला आयबस आपोआप मिळतो. प्रस्तुत लेखकाने हे सुख स्वेच्छेने सोडले आणि त्याची किंमत दोन संध्याकाळींत मोजली.

तरीही या व्यवहाराचे मूल्य शिल्लक राहते. तयार व्यवस्थेत मराठी उमटेनाशी झाली तर वापरणाऱ्याजवळ तक्रारीखेरीज फारसे काही नसते. स्वतःच्या संहितेत दोष निर्माण झाला तर तो शोधता येतो, त्याचे कारण लिहिता येते आणि ते कारण दुसऱ्यालाही देता येते. मात्र हे स्वातंत्र्य आज्ञा लिहून मिळत नाही. ज्या फाइलमधील ओळींची कारणे कर्त्याला सांगता येत नाहीत, ती फाइल नावापुरती वैयक्तिक असते. तिच्यावरील त्याचे अवलंबन तयार व्यवस्थेवरील अवलंबनाहून वेगळे नसते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की कॉन्फिगरेशनची गुणवत्ता तिच्या लांबीवर, रूपसौंदर्यावर किंवा तिच्यातील चातुर्यावर ठरत नाही. दीर्घ काळाने उघडल्यावर कोणती ओळ का आहे आणि ती केव्हा काढता येईल हे जी संहिता सांगू शकते, ती उत्तम. दोषशोधन ही त्या संहितेची खरी परीक्षा असते. कारण त्याच वेळी कर्ता वाचकाच्या भूमिकेत येतो आणि आपण आपल्यासाठी काय लिहून ठेवले नाही हे त्याला कळते. वर्गात आपण विद्यार्थ्यांना उत्तराबरोबर कारण लिहावयास सांगतो. स्वतःच्या फाइलबाबत तोच दंडक पाळला, तर ‘काढू नये’ एवढ्या दोन शब्दांवर भिस्त ठेवण्याची वेळ येणार नाही.